नानांचा ठसा

आमच्या शेजारचे नाना घराला कुलूप लावून ओढून पाहतात, मग मला हाक मारून माझ्याकडूनही ओढवून घेतात. "भरोसा नाही, पडताळा पाहिजे!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पांढुर्ण्यातली भाजीवाली त्यांना पाहिलं की स्वतःच तराजू पुढे करते.

या पडताळ्यापायीच शोभाकाकू घर सोडून गेल्या. डब्यातली संत्राबर्फी संपली, तर नाना बायकोलाच म्हणाले, "भावाले पाठवली असशीन. नाही, तर पुरावा दे." काकूंनी पिशवी भरली अन् सौंसरची बस धरली, त्याच भावाकडे.

मग नवरात्रात मंडळाच्या ऑनलाइन लकी ड्रॉचं काम नानांनी अंगावर घेतलं. बक्षीस कुकर. "कोणाले बेइमानी करताच नाही आली पाहिजे!" रीत अशी की प्रत्येकानं एक गुपित वाक्य धरायचं आणि ग्रुपवर फक्त त्याचा ठसा टाकायचा. ठसा म्हणजे कॉम्प्युटरनं त्या वाक्याचं केलेलं आकड्या-अक्षरांचं भरीत. त्यावरून वाक्य कळत नाही, पण नंतर एक अक्षर जरी बदललं तरी ठसा जुळत नाही. सगळ्यांचे ठसे आले की वाक्यं उघडायची, ती सारी मिळून कॉम्प्युटर विजेत्याचा नंबर काढतो.

दसऱ्याला सगळ्यांनी वाक्यं उघडली, सौंसरहून काकूंनीही. अडले ते नाना! "ड्रॉ रद्द करून टाकू," म्हणे.

मी भर ग्रुपवर लिहिलं, "नाना, बाकीच्यांची वाक्यं पाहून नंबर काढला काय? आपला लागत नाही म्हणून अडवून राहिले?" वर हसणारी तोंडं टाकली. मग काय, सारी गल्ली त्यांच्यावर तुटून पडली.

नाना माझ्या दारात आले. कान लाल. "तोंडानं बोलता येत नव्हतं, म्हणून लिहून स्वतःले अडकवून घेतलं. आता लाज वाटून राहिली बाप्पा." अन् माझ्यासमोरच त्यांनी ग्रुपवर वाक्य टाकलं:

"शोभा, बर्फी मीच खाल्ली होती. मले मागून आठवलं. घरी ये."

नंबर निघाला तो माझा. कुकरचं काय घेऊन बसलात, मला तोंड लपवायला जागा सापडेना.

थोड्या वेळानं काकूंचं उत्तर आलं, "ठसा पडताळला. जुळते. सकाळच्या बसनं येऊन राहिली."

नानांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"तू वाच ना बाबू. मले बरोबर दिसून राहिलं का?"

मी मोठ्यानं वाचलं. वर मान करून त्यांच्याकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही.