ड्रोन खाली येईना!

आमच्या कुसगावात जिला स्कूटी चालवता येत नाही, पण ड्रोन उडवता येतो अशी बाई एकच, आणि ती म्हणजे मी, मंगल! बचत गटाने मला प्रशिक्षणाला पाठवलं, मी परवाना घेऊन आले आणि त्याच दिवशी जाहीर केलं, "पहिलं खाचर बयामावशीचं! चहा उकळायच्या आत फवारणी उरकते!"

मावशीच्या इंद्रायणी भाताला तुडतुड्यांनी धरलं होतं. वर्षाचा तांदूळ त्याच खाचरात, आणि पाठीवर पंप घेऊन चिखलात उतरायचं तिचं वय राहिलेलं नाही. त्यात शेजारच्या खाचराचे सीतारामभाऊ निम्मं गाव घेऊन बांधावर ठाण मांडून बसलेले!

"मंगले, ह्ये खेळणं फसलं तर आमी कुनीच बोलावनार न्हाई तुला!"

म्हणजे फसून चालणारच नव्हतं. मी टाकीत निंबोळी अर्क भरला. मावशीने ड्रोनला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मी बटण दाबलं. ड्रोन डौलात उठला आणि... उठतच राहिला!

"अगं, खाली आन की!" मावशी ओरडली.

"आणतेय ना!"

कसला येतोय! वरून फवारा सुरूच, आणि वाऱ्याने तो उचलून थेट शेजारच्या बंगल्यातल्या स्विमिंग पूलवर नेला. पुण्याचे पाहुणे आधी "पाऊस! पाऊस!" म्हणून नाचले. मग त्यांना वास आला. ओलेचिंब कुंपणाशी धावले.

"अहो काकू, हे काय टाकलंत अंगावर?"

"कडुलिंब हाय," सीतारामभाऊ म्हणाले. "कातडीला लय चांगला!"

घाबरून मी सगळं शिकलेलं विसरले होते. शेवटी आठवलं, जमिनीचं अंतर मोजणारा सेन्सर बंद करून रिमोटवर हाताने उतरवता येतो! उतरवला, उलटा केला, तर पोटाखाली काळ्या दोऱ्यात लिंबू आणि मिरच्या! नेमक्या सेन्सरसमोर. ड्रोनला वाटत होतं जमीन नाकाशी आली, म्हणून बिचारा जीव घेऊन वर पळत होता.

"मावशी!"

"येवढं नवंकोरं, दृष्ट लागंल म्हनून बांधलं गं."

रडूच यायचं बाकी होतं. पण तुडतुडे काही माझ्यासाठी थांबणार नव्हते. लिंबू काढलं, टाकी पुन्हा भरली आणि ड्रोन उडवला. या बांधापासून त्या बांधापर्यंत सगळं खाचर भिजलं! मावशीने कडाकडा बोटं मोडली.

"उद्या माजं खाचर," सीतारामभाऊ म्हणाले. "पन लिंबू-मिरची पायजेच! येवढ्या उंचावरनं धड खाली आलं, ते कशामुळं?"

"व्हय की!" सगळे म्हणाले.

मी सेन्सर समजावून सांगितला. दोनदा सांगितला. मग काढलेलं लिंबू उचलून पिशवीत टाकलं.

आता रोज कुणाचं ना कुणाचं बोलावणं असतं, आणि लिंबू-मिरची मी माझ्याच टोपीला बांधते. ड्रोन अगदी सरळ उडतो. डोळे तेवढे माझे झोंबतात!