डोमाजींचा तपकिरी कांदा

करडी गावातला सगळ्यात देखणा कांदा डोमाजींच्या घरी पिकायचा, आणि खायला मात्र ते कांदा बाजारातून आणायचे. सत्तरच्या दशकात मी मास्तर म्हणून त्यांच्या शेजारी राहायला आलो. मला वाटलं, नवस-बिवस असेल. विचारलं, तर म्हणाले, “घरचे कायले खाऊ? बाजारात भेटतेत ना!”

एकटा जीव. शेतात धान आणि घरामागच्या सांदवाडीत हा तपकिरी कांदा. जागा एवढीशी, म्हणून एका साली बियापासून कांदा, पुढच्या साली तोच कांदा पुन्हा पुरून त्याच्या फुलातून बी. केसाएवढं रोप, छत्रीच्या काडीनं पाडलेलं भोक, आणि हा सहा फुटी गडी मातीला नाक लावून श्वास रोखून बसलेला. मी तोंडात बोट घालून पाहत राहायचो. एकदा म्हणालो, “भाऊ, बी दुकानात मिळतं.” ते पाठ फिरवून आत गेले. संध्याकाळी कुंपणापलीकडून आवाज आला, “दुकानातलं बी दुकानाचं, गुरुजी.”

एका भादव्यात आठवडाभर झड लागली. छपराचे कवेलू सरकले, पाणी आत आलं आणि आढ्याला टांगलेले त्यांचे सगळे कांदे सडले. बी तर त्याच कांद्यांसाठी पेरून संपलेलं. उरलं असतं तरी कांद्याचं बी सालभरात मरतं.

सकाळी डोमाजी आमच्या दारात. कधी कुणाकडे काडी न मागणारा माणूस, टोपी हातात घेऊन उभा.

“बाई, उन्हाळ्यात तुमाले कांदे देले होते मी. एखादा उरला काय?”

माझी बायको विळीवर बसली होती. शेवटचा कांदा पुढ्यातच होता. कोंब आला म्हणून भाजीला काढलेला, फक्त चिरायचा बाकी. तिनं तो पदरानं पुसून दिला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

उन्हाळ्याच्या तोंडी त्या एका कांद्याला तीन पांढरे गोंडे आले. मधमाशा फिरकल्या नाहीत तर बी कसं धरणार, म्हणून डोमाजी रोज सकाळी एका गोंड्यावरून दुसऱ्यावर तळहात फिरवायचे. मला राहवेना. “एवढं काय आहे हो या कांद्यात?”

हात थांबला नाही. “माही बायको सानगडीवून लगन होऊन आली, तवा पदराच्या गाठीत हे बी घेऊन आली होती. दोन सालात गेली. फोटू काढाचा राहून गेला, गुरुजी. तिच्या हातचं येवढंच जितं हाये.”

आम्ही ते कांदे भाकरीशी कचाकचा खाल्ले होते. मला मान वर करवेना.

पुढेही सालाआड त्यांचे चार कांदे आमच्याकडे यायचे. आम्ही ते आढ्याला टांगून ठेवायचो आणि खायला बाजारातून आणायचो.