रानडुकराचं हाड आणि वानखेडे

कुत्रं दिसलं की आमच्या गल्लीत राहणारा वानखेडे दोन्ही हात वर करतो, पोलिसानं पकडल्यासारखे, आणि रस्ता ओलांडून पलीकडे जातो. अमेरिकेतल्या या ॲन आर्बरमध्ये दर दोन घरांआड एक कुत्रं. त्यामुळे बस स्टॉपपासून घरापर्यंत तो नागमोडीच चालतो.

"अकोल्याकडचा ढोरांचा डॉक्टर तू, आणि कुत्र्याला भितोस?" मी एकदा विचारलं. माझ्या मुलाच्या वयाचा आहे, म्हणून अरे-तुरे.

"मी नाही भीत, मावशी. त्यानं मला भ्यावं."

इथल्या विद्यापीठात तो डुकरांच्या एका रोगावर काम करतो. मी चौथी शिकलेली, म्हणून मला त्यानं सोपं करून सांगितलं. आपल्याला नागीण होते, तापात ओठावर फोड येतात, त्याच घराण्यातला हा विषाणू. मोठ्या डुकराला फारसं काही होत नाही. कुत्र्याला झाला तर ते अंग खाजवून खाजवून दोन-तीन दिवसांत मरतं. औषध नाही.

"आणि माणसाला?"

"क्वचित. डोळ्याला, नाहीतर मेंदूला. पण क्वचित म्हणजे नाही असं नव्हे."

हे त्याचं पालुपद. भातात खडा, विमानाला अपघात, फोन बघून मुलांचे डोळे बिघडणं, सगळ्याला तेच. आपल्या अंगावरून कुत्र्यांना काही लागू नये म्हणून प्रयोगशाळेतून अंघोळ करून निघतो, घरी येऊन पुन्हा करतो. त्याची बायको नागपूरला असते. ती कधी येणार, असं सुनेनं विचारलं तर म्हणाला, "क्वचित येते." पालुपदाचा पुढचा अर्धा भाग त्या दिवशी गाळला.

यंदा पानगळीच्या दिवसांत पलीकडचा बिल म्हातारा दक्षिणेकडच्या राज्यातून शिकार करून आला. मोठ्या मनानं त्यानं रानडुकराचं कच्चं हाड कुंपणावरून आमच्या कुत्रीला, कुकीला टाकलं. मी अंगणातच होते. रानडुकरांतही तो रोग असतो, हे मला काय ठाऊक? वानखेडे बसमधून उतरून येत होता. ते हाड कसलं, एवढंच त्यानं बिलला ओरडून विचारलं आणि उत्तर ऐकताच बॅग टाकून कुंपणावरून उडी मारली. उघडा हात कुकीच्या जबड्यात घालून हाड ओढून काढलं. दात लागला, रक्त आलं. माझ्या नळाखाली तो किती वेळ हात धूत बसला!

त्याच्या डॉक्टरनं ताप-डोकेदुखीवर लक्ष ठेवायला सांगितलं, कामावरून सुट्टी दिली. कुकीला गॅरेजमध्ये ठेवलं. आठवडा-दीड आठवडा जाईपर्यंत काही सांगता येणार नव्हतं. नातवंडं दाराशी रडायची, "आजी, इज शी गोइंग टू डाय?" मी खोटं बोलले नाही. माहीत नाही म्हणाले.

वानखेडे सकाळी गॅरेजात यायचा, अंधार पडल्यावर जायचा. "घरी आराम कर," मी म्हणायचे.

"माझं आणि तिचं एकच चाललंय. मग सोबतच बसतो."

कुकीनं कान खाजवला की मी त्याच्याकडे बघायचे. तो म्हणायचा, "कानच आहे मावशी, एकदाच खाजवला," आणि मग स्वतःच तासभर त्या कानाकडे बघत बसायचा.

मुदत सरली. ना हिला खाज, ना त्याला ताप. आज कुकीला सोडायचं, असं त्यानंच सांगितलं होतं. मी सकाळी चहा घेऊन गेले, तर दार लोटलेलं आणि आत बोलणं चाललेलं. आमच्याशी तो शाळामास्तरासारखा शुद्ध बोलतो. त्याची गावची बोली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

"सुटली वं तू. आता पोराईत जाशीन, धिंगाना करशीन. म्या घरी जाऊन काय करू?"

फटीतून दिसलं, कुकीचं डोकं त्याच्या मांडीवर होतं आणि त्याचे दोन्ही हात तिच्या अंगावर.

घरातून नातवंडं हाका मारत होती. मी त्यांना गप्प केलं. कपातला चहा गार होऊ दिला. दार उघडायची घाई केली नाही.