गोचिडाचे स्वारीची हकीकत

थोरांनीं पुसिलें कीं, टेकडीवरील गवतांत काय प्रसंग गुदरला, तें साद्यंत लिहून द्यावें. हुकूम शिरसावंद्य मानून लिहिलें. मजकूर रतीभर वाढविला असेल, घटविला नाहीं.

गतसालीं गोचीड नामें गनीम गवतांत दबा धरून बसला, आणि धाकटीचे गुडघ्यामागें डसला, आणि मग पोरीस तापानें ऐसें घेरिलें कीं आईसाहेबांचे तोंडचें पाणी पळालें. पोर वांचली. आईसाहेबांनीं शपथ वाहिली कीं, पुन्हा माझे माणसांस हा हरामखोर चिकटून राहिला, तर नांवाची आई नव्हे.

यंदा सुटीचे दिवशीं फौज पुन्हा टेकडीस निघाली. आघाडीस श्वानराज, मग धाकटी, मग बाबासाहेब घड्याळजी, पिछाडीस खुद्द आईसाहेब. फर्मान सुटलें कीं विजारी मोज्यांत खोवाव्या, किडे पळविण्याचें मलम चोपडावें, पायवाट सोडूं नये. बाबासाहेब लोक हंसतील म्हणोन कुरकुरले, आणि मग खोविते जाहले.

घरीं येतांच न्हाणीघरांत दिव्याखालीं एकेकाचा झाडा जाहला. काखा, कानामागें, केसांत, श्वानराजांचे बोटांचे बेचक्यांतदेखील शोध घेतला. गनीम सांपडेना. आईसाहेब फत्ते मानून अंबाडा सोडूं लागल्या, आणि धाकटी किंचाळली.

"आई, तुझ्या मानेवर हा तीळ कधी आला? आणि त्याला पाय का आहेत?"

एकच हाहाकार! झाडा घेणारीचा झाडा घेण्याची तजवीज कोणींच केली नव्हती. बाबासाहेब आगपेटीकडे धांवले.

"काडी खाली ठेवा! त्याला जाळायचं नसतं, उपटायचं असतं. तुमचा घड्याळाचा चिमटा आणा."

मग बाबासाहेबांनीं डोळ्यास भिंग चढविलें. जे हात मुंगीएवढीं चक्रें बसवीत, ते लटलट कांपूं लागले.

"घड्याळ असतं तर जमलं असतं गं."

"मग मला घड्याळच समजा. पण जुनं म्हणालात तर खबरदार!"

बाबासाहेब हंसले, आणि हात स्थिरावला, आणि गनीम कातडीलगत धरून, न पिळतां, सरळ ओढिला. मुंडक्यासुद्धां कैद जाहला! जागा साबणपाण्यानें धुतली, गनीम बाटलींत डांबिला, आणि श्वानराज विनाकारण भुंकले.

महिना लोटला, आईसाहेबांस ताप न आला. तोंवर धाकटी सकाळसंध्याकाळ त्यांचे कपाळास हात लावून पाही. मग तिनेंच नवा दस्तूर जारी केला कीं, यापुढें पहिला झाडा आईचा, आणि तो मीच घेणार. आईसाहेबांनीं, ज्यांचेपुढें बाबासाहेबदेखील चळचळा कांपत, अंबाडा सोडिला आणि निमूट मान पुढें केली.

टेकडी फत्ते जाहली. माणसें शाबूत. हें नमूद केलें असे.