सासूबाईंचं गाणं आणि माझा सर्व्हर

घरात गाण्यांचा सर्व्हर बसवायचा, हा निर्णय माझा एकट्याचा. (माझे एकट्याचे निर्णय ओळखायला सोपे असतात. त्यांच्यानंतर महिनाभर बायको "मी म्हटलं नव्हतं का?" म्हणत असते.) अडगळीच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर पुसून काढला, त्यात झाडून सगळ्या कॅसेट उतरवल्या आणि जाहीर केलं, यापुढे फोनवर बोट ठेवलं की प्रत्येक खोलीत गाणं!

त्यात सासूबाईंच्या गाण्याची कॅसेटही होती. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचं गाणं कायमचं थांबलं, आणि उतरवून होताच त्या कॅसेटच्या जुन्या फितीनेही मान टाकली. म्हणजे त्यांचा आवाज आता जगात फक्त माझ्या अडगळीच्या खोलीत उरला होता. तो ऐकायला त्या आज मुद्दाम आल्या होत्या, नवा चष्मा लावून.

मी ऐटीत बोट ठेवलं. फोनवर उमटलं, 'सर्व्हर सापडत नाही.'

"अहो, आत तर आहे," बायको म्हणाली. "आत्ताच त्याला अडखळून पडले असते मी."

मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. फोन बंद करून चालू केला. ॲप काढून पुन्हा टाकलं. छे! सासूबाई दर वेळी सावरून बसायच्या आणि दर वेळी हळूच मागे टेकायच्या. ते मला बघवेना. मी इरेला पेटलो.

"राहू द्या हो जावईबापू," त्या बसक्या आवाजात म्हणाल्या.

"आई, तुमचं गाणं लागल्याशिवाय मी जेवणार नाही!"

"मग तुमचं ताट झाकून ठेवते," बायको म्हणाली.

खूप विचार केल्यावर मला उलगडलं. शेजारचे निवृत्त हेडमास्तर आमचं वायफाय चोरून वापरत असणार! तडकाफडकी पासवर्ड बदलला. बायकोच्या फोनचं नेट गेलं, टीव्ही थांबला. माझा फोन मात्र मजेत चालू. (कुणाही शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. मला वाटलं, फोन मालकाला ओळखतो.) सर्व्हर तरीही सापडेना, तेव्हा बाह्या सरसावून मी शेजारचं दार ठोठावलं.

"मास्तर, आमचं वायफाय सोडा!"

त्यांनी शांतपणे माझा फोन हातात घेतला. "अहो, हे तर आमचं वायफाय. मागे तुमचं नेट गेलं होतं, तेव्हा मीच जोडून दिलं होतं. तेव्हापासून आमच्याकडेच आहात की काय?"

आणि मी ऑफिसात आमच्या नेटच्या वेगाच्या बढाया मारत होतो! माझा फोन शेजाऱ्यांच्या घरात बसून माझ्या घरातला सर्व्हर शोधत होता. सापडणार कसा? मी माफी मागितली. मास्तर गाणं ऐकायला सोबतच आले.

सर्व्हरला नवा पासवर्ड दिला, फोन घरच्या वायफायवर आणला, बोट ठेवलं, आणि सासूबाईंचा तरुण, स्वच्छ आवाज घरभर पसरला. त्यांचे डोळे भरून आले. बायकोने त्यांचा हात घट्ट धरला. मी हळूच आवाज थोडा वाढवला.

तेवढ्यात गाण्याखालून काहीतरी घरघरायला लागलं. (उतरवताना टेपशेजारी फोन ठेवून मी सोफ्यावर जरा आडवा झालो होतो. नंतर ऐकून बघायचं राहिलंच.)

"साथीला कोण बसलंय?" मास्तरांनी अदबीने विचारलं.

सासूबाई डोळे पुसता पुसता हसायला लागल्या. "जावईबापू, तेवढं बंद नाही का हो करता येणार?"

"प्रयत्न करून झालेत, आई," बायको म्हणाली. "ते रोज प्रत्येक खोलीत ऐकू येतं. सर्व्हरशिवाय."