घारपुरे काकांचा ऑफसाइड

घारपुरे काका शनिवारी सकाळी चोआ चू कांगच्या हॉकर सेंटरमध्ये एकटे येतात आणि दहा जागा अडवतात.

सिंगापुरातल्या या खाऊबाजारांत टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ती जागा गेली. असा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडायची कुणाची छाती नाही. काका दोन टेबलांवर मिळून दहा पाकिटं मांडतात. आणि आजूबाजूला हातात ट्रे घेऊन म्हातारी माणसं उभी! मी इथे पोस्टडॉक करते, पण त्याआधी पुण्यात पाच वर्षं संघटनेची पत्रकं वाटली आहेत. अन्याय दिसला की माझी जीभ परवानगी मागत नाही.

“काका, शरम वाटत नाही? सार्वजनिक जागा आहे ही!”

“अगं, पाकिटं कुठली? तो समोरच्या कॉलेजचा बचाव आहे,” काका शांतपणे म्हणाले. “आणि हे बाटलीचं झाकण म्हणजे मी. बस. पुराव्यासकट सांगतो.”

‘पुराव्यासकट’ हा त्यांचा लाडका शब्द. पुरावा मात्र मी आजवर पाहिलेला नाही. मी सगळा बचाव एका टेबलावर आणायला लावला आणि बदल्यात फायनल ऐकली. तेव्हापासून दर शनिवारी ऐकते.

फायनल पुण्यातली, आंतरकॉलेज फुटबॉलची, तीसेक वर्षांपूर्वीची. शेवटचं मिनिट, शिऱ्याचा पास, काकांचा गोल, करंडक! काकांचा मुलगा सिंगापुरी सुरात “पा, सेम स्टोरी लाह” म्हणून हल्ली येतच नाही.

पूर्वी या टेबलावर त्या टीममधले चौघे बसायचे. तिघे एकेक करून भारतात परतले. त्यांतले शिऱ्या, म्हणजे शिरीष काका, पुण्याहून फोनवर असतात. फोन कॉफीच्या कपाला टेकला की खडाजंगी सुरू. कारण शिरीष काकांचं म्हणणं एकच: गोल ऑफसाइड होता. पास निघाला तेव्हा घाऱ्या, म्हणजे आमचे काका, बचावफळी ओलांडून आधीच पुढे जाऊन उभा होता. पंचांनी गोल दिला, करंडक मिळाला, आणि हा माणूस स्वतःच्याच टीमविरुद्ध तीस वर्षं लढतोय! असा ताठ कार्यकर्ता आमच्या संघटनेला कधी मिळाला नाही. माझं मत कायम त्यांना.

“खोटारडा आहेस तू, घाऱ्या!”

“डोळे तपासून घे, शिऱ्या!”

काका लालबुंद होतात. इतकं खूश मी त्यांना एरवी पाहिलेलं नाही. जुरोंग ईस्टच्या ऑफिसात म्हणे ते दिवसभर ‘नोटेड’ एवढंच बोलतात.

परवाच्या शनिवारी काकांनी नेहमीसारखी ठिणगी टाकली. “शिऱ्या, पुराव्यासकट सांगतो, गोल क्लीन होता.”

मी भांडणाची वाट पाहत बसले.

“असेल की,” शिरीष काका हसले. “तुम्ही म्हणता म्हणजे असेलच.”

काकांचा हात झाकणावरच राहिला. फोनवर शिरीष काकांच्या पत्नी आल्या. “भाऊजी, गेल्या महिन्यापासून असंच चाललंय. डॉक्टर म्हणतात, जुनं काहीतरी बोलत राहा. फक्त आठवतंय का, असं विचारू नका. घाबरतात हो.”

तीस वर्षांचा वाद काका जिंकले होते. मला भयंकर राग आला. पण या विसरण्याविरुद्ध पत्रक काढायचं ते कुणाच्या नावाने?

काकांनी फोन जवळ ओढला. झाकण उचललं आणि पाकिटांच्या पलीकडे, चांगलं चार बोटं पुढे ठेवलं.

“शिऱ्या, ऐक. ऑफसाइड होतो मी. दोन पावलं पुढे. पास द्यायच्या आधी तू ओरडला होतास, ‘घाऱ्या, मागे ये!’ ऐकू आलं होतं मला. तरी थांबलो तिथेच.”

मग शिरीष काकांनी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं विचारलं, “मग? गोल झाला?”

“झाला ना,” काका म्हणाले. “तुझाच पास होता.”