सुरत ते गोवा, पातेलंभर वाल

आमच्या मंदाबरोबर मी शेवटचं काय केलं, तर वाल सोलले. जयू, आमची पोरगी, सुरतेहून गोव्याच्या विमानात बसली होती. पोर हवेत गेली की मंदा मोड आलेले वाल पुढ्यात ओढायची, आणि ती उतरल्याचा फोन येईस्तोवर हात थांबवायची नाही. हात थांबले तर विमान खाली येतं, असं तिचं म्हणणं.

मी जरा तंबाखू मळायला घेतली, तर ओरडली, "अहो, सोला की! पोर वर आहे."

सुरत ते गोवा किती लांब, असं तिला कोणीही विचारावं. "पातेलंभर वाल," ती सांगायची. फोन लवकर आला तर म्हणायची, आज ड्रायव्हर घाईत होता. एकदा विमान गोव्यावर घिरट्या घालत राहिलं. वाल संपले, तर तिनं मसाल्यासाठी आणलेला सगळा लसूण सोलून काढला. पुढे आठवडाभर आमच्या घराकडे कुत्रं फिरकलं नाही.

तिच्या बहिणीचा मुलगा विलास तिकडे शहरात, एव्हरशाईनच्या बिल्डिंगीत राहतो, बँकेत आहे. त्यानं मोबाईल काढला. "मावशी, हवेतून साडेसहाशे किलोमीटर आहे. सव्वा-दीड तास. आणि विमान आपल्या नंदाखाल गावावरून जातच नाही, समुद्रावरून जातं."

"समुद्र काय लांब आहे? मी चालत जाते. बस खाली, वाल सोल."

बसला बिचारा. इस्त्रीची पँट सालांनी भरली.

मध्येच सोलता सोलता ती केळीत जाऊन वर बघायची, ओच्यात वाल घेऊनच. "जयूऽ, जेवलीस का गं?"

मी म्हणायचो, "ती काय खिडकी उघडून सांगणार आहे?"

"तुम्ही गप्प बसा."

कंपनीच्या कामासाठी जयू दर महिन्याला अशी डोक्यावरून जायची. घरी मात्र येत नव्हती. "या खेपेला नाही जमत गं आई." मंदा "बरं" म्हणायची आणि सोललेल्या वालांचं बिरडं करायची, खोबरं घालून, जयूला आवडतं तसं. खायला आम्ही दोघं. मला वाल पचत नाहीत. तरी खायचो.

त्या शेवटच्या दिवशी फोन लवकर आला. अर्धे वाल उरले. "राहू देत, उद्या बघू," म्हणाली आणि पातेलं झाकून ठेवलं. रात्री झोपली ती उठलीच नाही. पहाटे हात लावला तर थंड.

जयूला कळवलं. सकाळी तिचा फोन आला, रडत होती. "बाबा, मुंबईचं विमान मिळालं. बसले."

घर माणसांनी भरलं होतं. मी स्वयंपाकघरातून पातेलं आणलं, मंदाच्या उशाशी बसलो आणि सोलायला लागलो.

मेव्हणी कळवळली. "भावजी, घरात मढं आहे. लोक काय म्हणतील?"

"पोर वर आहे," मी म्हटलं.

विलास पुढे आला. माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि त्यानं मूठभर वाल उचलले.

गोवा ते मुंबई किती वाल लागतात, मला ठाऊक नव्हतं. मंदालाही सांगता आलं नसतं. त्या वाटेनं जयू कधी आलीच नव्हती. मी आपला सोलत राहिलो.